पितळ तडकतंय? आधी बघा, तडा कधी गेला

तक्रार बहुतेक एकाच साच्यातली असते. बावीस गेजचा पितळी पत्रा घेतला, वाटी किंवा तांब्या उठवायला सुरुवात केली, पहिल्या दोन फेऱ्या लोण्यासारख्या गेल्या आणि तिसऱ्या फेरीला काठ टरकन फाटला. मधे ताव दिला होता, तरी फाटला. मग कुणी हातोडा बदलून बघतं, कुणी तेल बदलतं, स्पिनिंगवाला (फिरत्या साच्यावर पत्रा दाबून भांडं करणारा) रोलरवर खापर फोडतो, आणि शेवटी सगळे मिळून पत्रा विकणाऱ्याला फोन करतात. पुढच्या लॉटला पुन्हा तेच.

ताव म्हणजे इथे ठोकून, दाबून किंवा ओढून कडक झालेला पत्रा तापवून पुन्हा नरम करणं. कारखान्यात त्यालाच अॅनीलिंग म्हणतात. पितळ वारंवार तडकत असेल तर पहिला संशय तावावर घ्यावा. तो घेताना एकच प्रश्न आधी विचारायचा: तडा नेमका कधी गेला? हातोड्याखाली? आगीत असताना? लाल पत्रा सांडशीत धरल्यावर? की काम संपवून, चकाकी आणून, माल रॅकवर ठेवल्यावर काही महिन्यांनी? चारही तड्यांची कारणं वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की रोग वाढतो.

धातू कोणता, ते आधी

'पितळ' या एका नावाखाली बाजारात बरंच काही मिळतं. तांबं ७० टक्के आणि जस्त ३० टक्के असलेलं पितळ थंड असताना सगळ्यात जास्त ताण सोसतं. बंदुकीच्या काडतुसांच्या पुंगळ्या याच्याच बनतात, म्हणून जगभर त्याला काडतुसाचं पितळ म्हणतात. ६३:३७ हे जरा स्वस्त, साध्या भांड्यांना आणि उथळ कामाला चांगलं. ६०:४० चं पितळ गरम असताना छान घडतं, पण थंड ठोकायला हट्टी. त्याचा तांब्या उठवायला बसाल तर ताव कितीही नीट द्या, काठ फाटणारच.

खरी डोकेदुखी शिसं घातलेल्या पितळाची. लेथवर नट, नोझल, नळाचे भाग कातायला ते मुद्दाम करतात आणि त्यात शिसं तीन टक्क्यांच्या आसपास असतं. भंगारातून ओतलेल्या पितळात ते हमखास येतं. ओळखायला सोपं आहे: चार मिलिमीटरच्या ड्रिलने एक भोक पाडा. कीस लांब, गुंडाळलेला, स्प्रिंगसारखा निघाला तर पितळ ठोकण्याजोगं आहे. भुशासारखे बारीक तुकडे उडाले तर शिसं आहे असं समजा. तो पत्रा किंवा तो तुकडा घडाईतून बाजूला काढा. खाण्यापिण्याच्या भांड्याला तर तो मुळीच नको.

ठोकताना काठ फाटतो

ठोकलं की धातूचे कण चेपले जातात, एकमेकांवर अडतात आणि पुढे सरकेनासे होतात. ७०:३० पितळ पूर्ण नरम असताना कडकपणाच्या विकर्स मापात साधारण ६५ भरतं. खूप काम झाल्यावर तेच दीडशेच्या वर जातं. ताव दिला की जुने चेपलेले कण मोडतात आणि त्यांच्या जागी नवे, ताजे कण तयार होतात. हे पितळात साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे सुरू होतं, पण भट्टीत किंवा बर्नरवर खात्रीने आणि लवकर व्हायचं तर ५५० ते ६५० अंश धरावे. तीनशे-चारशेला थांबलात तर पत्र्यावर रंग चढलेला दिसतो, निळा-तपकिरी झाक येते, आणि वाटतं की ताव झाला. पत्रा आतून अर्धाच नरम असतो. दोन फेऱ्या निभावतात, तिसरी निभत नाही. वरच्या तक्रारीतलं 'ताव दिला होता तरी फाटला' हे बहुतेकदा असं असतं.

इथे एक गैरसमज. कल्हई लावताना भांडं सणसणीत तापतं, म्हणून त्यात ताव मिळून जातो असं काहींना वाटतं. कथील २३२ अंशांना वितळतं आणि कल्हई त्याच्या थोडी वर होते. तेवढ्यात पितळ नरम होत नाही.

ताव कमी पडण्याची कारणं बहुधा ही:

पहिलं, उजेड. काळपट लाल रंग हा आपल्या डोळ्यांचा थर्मामीटर आहे, आणि तो अंधारातच चालतो. मिणमिणत्या कोपऱ्यात ५५० च्या आसपास पत्रा पहिल्यांदा लालसर भासतो. ६५० ला लाल स्पष्ट दिसतो. तोच पत्रा अंगणात, दुपारच्या उन्हात तापवला तर लाली दिसेपर्यंत तापमान कितीतरी वर गेलेलं असतं. म्हणून एकाच माणसाच्या हातून सकाळी कमी आणि दुपारी जास्त ताव बसतो. बर्नरची जागा कायमची सावलीत, भिंतीच्या आडोशाला करा आणि वरचा दिवा बंद ठेवा.

दुसरं, इन्फ्रारेडची बंदूक. ही स्वस्तात मिळायला लागल्यापासून घोटाळे वाढलेत. चकचकीत पितळ उष्णता फार कमी फेकतं, आणि बंदूक समोरची वस्तू काळी, खरबरीत आहे असं गृहीत धरून आकडा दाखवते. त्यामुळे चकचकीत पत्र्यावर ती खऱ्या तापमानाच्या निम्म्याहूनही कमी दाखवू शकते. पुढे पत्रा काळा पडला की आकडा एकदम उडी मारतो, पत्र्याचं तापमान तेवढं बदललेलं नसताना. बंदूक ठेवून द्या. के-टाइप थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, पत्र्याला टेकवा, नाहीतर ठरावीक तापमानाला वितळणारा खडू आणा. साडेपाचशेच्या आसपासचा खडू निवडून ज्योतीच्या उलट्या बाजूला रेघ ओढायची. रेघ ओली होऊन चमकली की त्या जागी तेवढं तापमान गाठलं. ज्योत लागते त्याच बाजूला ओढली तर ज्योत खडूलाच तापवते आणि फसवते.

तिसरं, असमान ताप. बूड ठोकून पातळ झालेलं असतं, ते झटकन लाल होतं. काठ आत दाबत आणल्याने जाड झालेला असतो, शिवाय सगळ्यात जास्त कडकही तोच असतो. बूड लाल दिसलं की माणूस ज्योत काढतो. काठ कोराच राहतो आणि पुढच्या फेरीला तोच फाटतो.

चौथं, भट्टीत थप्पी. पन्नास चकत्या एकावर एक रचून भट्टीत घातल्या, भट्टीचा काटा ६०० दाखवतोय, अर्धा तास झाला, काढल्या. बाहेरच्या चकत्या नरम, मधल्या कडक. काटा भिंतीजवळची हवा मोजतो, थप्पीचं पोट मोजत नाही. थर्मोकपल थप्पीच्या मधोमध घाला, आणि तिथे ५५० ते ६०० आल्यावर तिथून पुढे अर्धा तास मोजा.

बर्नरवर नीट ताव द्यायचा तर असा. बावीस गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, अडीचशे मिलिमीटर व्यासाची चकती धरू. तेल, मेण, घाण पुसून काढा, नाहीतर जळून काळे डाग चिकटतात. चकती अग्निविटांच्या तीन तुकड्यांवर टेकवा, म्हणजे खालून हवा राहील. ज्योत मोठी आणि मऊ ठेवा. टोकदार, निळी, शिट्टी मारणारी ज्योत एका बिंदूला जाळते. आधी काठाकाठाने गोल फिरवा, दोन-तीन फेरे. मग घेर आत आणत मध्यावर या. काळपट लाल रंगाचा पट्टा ज्योतीबरोबर पत्र्यावर फिरताना दिसला पाहिजे. प्रत्येक जागा एकदा त्या रंगाला आली आणि दोन-चार सेकंद राहिली की पुरे. एवढ्या तापमानाला नवे कण काही सेकंदांत तयार होतात, बर्नरवर मिनिटामिनिटाने शेकण्याची गरज नाही.

ताव बसला का, हे तपासायला यंत्र लागत नाही. त्याच पत्र्याची पंधरा मिलिमीटर रुंद, शंभर लांब पट्टी कापा, तिला कामाइतकंच ठोका आणि कामाबरोबरच तापवा. गार झाल्यावर दोन बोटांत धरून वाकवा. नीट ताव बसलेली पट्टी शिशासारखी जिथे वाकवाल तिथे राहते, परत उसळत नाही. मग पूर्ण दुमडून हातोड्याने सपाट करा. घडीच्या बाहेरच्या कडेला भेग दिसू नये. कानालाही कळतं: कडक पत्रा टिचकी मारली की ठणठणतो, नरम पत्रा बद्द वाजतो. चार दिवस मुद्दाम ऐकलं की कान बसतो, आणि मग पट्टी फक्त नवीन लॉट आला की कापावी लागते.

दोन फेऱ्यांमध्ये किती काम सोसेल? ७०:३० पितळ जाडीत निम्म्यापर्यंत कमी होऊ शकतं, पण हाताने ठोकताना ताण सगळीकडे सारखा नसतो. हातकामात संपूर्ण भांड्यावरून ठोक्यांची एक फेरी झाली की ताव, हा नियम बरा. प्रेसवर कप ओढत असाल तर पहिल्या ओढीला व्यास ४५ टक्क्यांपर्यंत कमी करता येतो, म्हणजे दोनशेच्या चकतीतून एकशेदहाचा कप. त्यापुढच्या ओढी वीस ते तीस टक्क्यांच्या ठेवा, आणि मधे ताव द्या.

आणि हो, काठ फाटला की प्रत्येक वेळी ताव दोषी नसतो. कातरीने कापलेल्या काठावर बारीक खाचा आणि कंगोरे राहतात. तडा तिथूनच सुरू होतो. चकती कापल्यावर काठ कानसून, सँडपेपरने गुळगुळीत करा, मगच पहिला ठोका. तसंच काठाला पडलेली चुणी तशीच चेपून टाकली, तर पुढच्या फेरीला त्या घडीतच पत्रा फाटतो. चुणी दिसली की आधी ती लाकडी मोगरीने उलगडायची. फाटलेल्या काठाकडे भिंगातून बघितलं की कळतं. खाचेतून आलेला तडा सरळ, एकटा असतो. ताव कमी पडलेला असेल तर घेराभोवती चार-पाच जागी एकदम फाटतं.

पत्रा नरम आहे, पण साल खरबरीत

हा उलटा आजार. फाटण्याच्या भीतीने ताव वाढवला की होतो. तापमान जास्त किंवा वेळ जास्त झाला की नवे कण तयार होऊन थांबत नाहीत. एकमेकांना गिळत मोठे होत जातात. ओढकामाला कणांचा आकार साधारण ०.०२५ ते ०.०५ मिलिमीटर असावा. ०.०७ च्या वर गेला की ठोकल्यावर पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. पॉलिश करून तो जात नाही. घासत राहिलात तर पत्रा पातळ होतो, साल राहतेच. पुढे ताण पडला की तिथे पत्रा आखडून फुटतो.

एक कारण फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. भीतीपोटी दर दहा-पंधरा ठोक्यांना ताव देणारे असतात. थोडंसंच ठोकून, पाच-सात टक्केच ताणून ताव दिला की कणांना नवे जन्मायला जागा कमी मिळते, मग जे थोडे जन्मतात ते फार मोठे होतात. म्हणजे वारंवार हलका मार आणि वारंवार ताव हा खरबरीत साल मिळवण्याचा सोपा रस्ता आहे. ठोका तर भरपूर ठोका, मगच तापवा.

एकदा मोठे झालेले कण पुन्हा तापवून लहान होत नाहीत. चांगलं ठोकून, चेपून, मग योग्य तापमानाला ताव दिला तरच बारीक होतात. तयार आकाराच्या भांड्यात तेवढं ठोकायला जागाच उरलेली नसते.

बर्नरखाली पांढरा धूर किंवा कापसासारखी पांढरी राख दिसली तर लगेच ज्योत काढा. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि ७०:३० पितळ ९१५ ला वितळायला लागतं. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. जस्ताचा पत्रा वेल्ड करणाऱ्यांना हा ताप ठाऊक आहे. कामाच्या जागी हवा खेळती पाहिजेच.

आगीतच तडकलं, किंवा सांडशीत तुटलं

खूप कडक झालेला, आत ताण भरलेला तुकडा एकदम तेज ज्योतीत धरला तर नरम होण्याआधीच तडकतो. शिसं असलेल्या पितळात हे जास्त होतं. उपाय साधा: ज्योत लांब धरून संपूर्ण तुकडा आधी हळूहळू दोन-तीनशेपर्यंत न्या, ताण ढिला होऊ द्या, मग रंगावर आणा.

लाल असताना सांडशीने उचलला आणि काठाचा तुकडाच हातात आला, तर दोष शिशाचा किंवा बिस्मथचा. अशा पितळात हे वितळलेलं धातू कणांच्या सांध्यात बसलेलं असतं. चांगलं ७०:३० सुद्धा तीनशे ते पाचशेच्या मधल्या तापात नाजूक असतं, म्हणून 'गरम आहे तोवर एक बाक देऊन टाकू' हा मोह आवरा. लोहाराच्या सवयी इथे चालत नाहीत. लाली पूर्ण गेल्याशिवाय हलवायचं नाही, आणि ठोकायचं ते गार झाल्यावर.

पाण्यात बुडवावं का?

बुडवा किंवा राहू द्या, ७०:३० च्या नरमाईला फरक पडत नाही. पोलाद पाण्यात कडक होतं, पितळ होत नाही. बुडवल्याचा फायदा इतकाच की वरची काळी खपली बरीचशी निघते आणि वेळ वाचतो. ६०:४० मात्र अपवाद. ते सातशेच्या वर नेऊन पाण्यात टाकलं तर कडक राहतं, त्याला हवेत गार होऊ द्या. तोंड अरुंद असलेलं भांडं तिरपं करून सावकाश सोडा, वाफ वर उडते. दोन्हीकडून बंद पोकळ वस्तू तर तापवायचीच नाही. आधी भोक.

काठापुरता ताव

बूड कडक आणि मजबूत राहावं, फक्त गळा किंवा काठ नरम व्हावा, असं काम नेहमी येतं. काठात तार घालून मुरड मारायची असते तेव्हा हेच हवं असतं. काडतुसांच्या पुंगळ्या पुन्हा भरून वापरणारे नेमबाज हेच करतात. पुंगळीची मान वारंवार फाकते आणि आवळते, म्हणून तडकते. म्हणून मान तेवढी तापवतात. बुडाला मात्र ताव लागू देत नाहीत, कारण गोळी सुटताना सगळा दाब बूड सोसतं, आणि ते नरम झालं तर फुटून नेमबाजाच्या तोंडावर येतं. लष्करी काडतुसांच्या मानेवर दिसणारा निळा-तपकिरी पट्टा हा त्या शेवटच्या तावाचाच डाग. पॉलिश न केल्यामुळे तो राहतो.

भांड्यासाठी रीत सोपी. परातीत पाणी घ्या, भांडं त्यात उभं करा, नरम करायच्या भागाच्या खाली दोन बोटं अंतर सोडून तिथवर पाणी येऊ द्या. पाण्याखालचा भाग शंभर अंशांच्या वर जात नाही. काठ गोल फिरवत काळपट लाल करा. पितळ उष्णता वेगाने खाली ओढतं, त्यामुळे ज्योत नेहमीपेक्षा मोठी लागते. लहान ज्योतीने पाच मिनिटं शेकत बसलात तर काठ रंगावर येत नाही, आणि पाणी मात्र उकळून पातळी खाली जाते.

काम झालं, आणि सहा महिन्यांनी कपाटात तडा

हा तडा सगळ्यात चिडवतो, कारण भांड्याला कुणी हात लावलेला नसतो. पॉलिश केलेला तांब्या, गळ्याजवळ उभी, केसासारखी बारीक भेग. पावसाळ्यानंतर जास्त.

याचा सगळ्यात गाजलेला किस्सा हिंदुस्थानातलाच. ब्रिटिश सैन्याचा काडतुसांचा साठा पावसाळ्यात आपोआप तडकायचा, नेमका गोळी बसवलेल्या मानेपाशी. काडतुसं तबेल्यांमध्ये ठेवलेली असत. ऋतूबरोबर येणारा तडा म्हणून इंग्रजीत त्याचं नावही तसंच पडलं: सीझन क्रॅकिंग. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी कारण नीट मांडलं: घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया, पावसाळ्याची दमट हवा आणि घडवताना धातूत अडकून राहिलेला ताण. तीनपैकी एक काढलं की तडा जात नाही. हवा आणि अमोनिया साठवणाऱ्याच्या हातात नव्हते, म्हणून ताण काढायचं ठरलं. पुण्यात खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतोय आणि कसब्यातल्या तांबट आळीत त्याच्या कितीतरी आधीपासून भांडी. धातूला हा फरक कळत नाही, त्याला ताण तेवढा कळतो.

आपल्याकडे अमोनिया कुठून येतो ते बघा: गोठा, युरियाची पोती ठेवलेली खोली, मुतारीची भिंत, फरशी पुसायची काही द्रावणं, आणि पितळ चमकवायच्या बऱ्याच पॉलिशमध्ये तो असतोच. जस्त पंधरा टक्क्यांच्या वर असलेल्या पितळाला ही बाधा होते. तांबं या धातूला जवळजवळ नाही. म्हणून त्याच कपाटातला तांब्याचा हंडा धड राहतो आणि पितळी तांब्या तडकतो.

उपाय म्हणजे शेवटचा, हलका ताव. काम पूर्ण झाल्यावर भांडं २५० ते २७५ अंशांना एक तास ठेवा. यात पितळ नरम पडत नाही, आकार आणि कडकपणा राहतो, फक्त आतला ताण सुटतो. लहान वस्तूंना घरातल्या ओटीजीचा शेवटचा काटा, म्हणजे २५० वर दीड तास, चालून जातो. रंग जरा सोनेरी-तपकिरी होतो, तो पॉलिशने निघतो. ज्या वस्तूला मुरड, नक्षी किंवा ठोकून बसवलेला जोड आहे, तिला हे टाळू नका. सर्वात जास्त ताण तिथेच कोंडलेला असतो.

गुलाबी डाग आणि फोड

तावानंतरची काळी खपली पातळ असेल तर चिंच-मीठ चोळून निघते. जाड असेल तर दहा टक्के गंधकाम्ल: नऊ भाग पाण्यात एक भाग आम्ल. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही. प्लास्टिकची बादली, हातमोजे, चष्मा, पाच ते दहा मिनिटं. तापलेला तुकडा त्यात टाकू नका. पितळ गुलाबी झालं तर बादलीत लोखंड गेलंय. लोखंडी सांडशी आम्लात बुडाली की विरघळलेलं तांबं पितळावर चढतं. तांब्याच्या तारेचा आकडा वापरा. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि लगेच कोरडं करा.

पितळाऐवजी तांब्याच्या कामात फोड येऊन पत्रा ठिसूळ झाला तर ज्योत तपासा. विजेच्या पट्ट्यांच्या तांब्यात थोडा ऑक्सिजन असतो. हवा कमी असलेली पिवळी ज्योत लावली की त्यातला हायड्रोजन आत शिरून ऑक्सिजनशी मिळतो, वाफ होते आणि ती आतूनच धातू फोडते. ज्योतीला हवा वाढवा. फोड आलेला तुकडा भंगारात, त्यावर इलाज नाही.

तडा गेलेलं वाचवायचं असेल

ठोकत राहून तडा बुजत नाही, पुढे सरकतो. आधी तड्याचं आतलं टोक शोधा. रॉकेल लावून पुसा आणि वर खडूची पूड भुरभुरा, भेगेतलं रॉकेल वर येऊन रेघ उमटते. रॉकेल जळाऊ आहे, तेव्हा हे बर्नरपासून दूर करा आणि तुकडा पूर्ण सुकल्याशिवाय ज्योत लावू नका. टोकाला दीड मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तो तिथे थांबतो. भेग कानसून स्वच्छ करा आणि चांदी असलेल्या सळईने भरा. ती साधारण सातशेच्या आसपास वाहते, त्यामुळे भोवतालचा दोन बोटं पट्टा आपोआप पूर्ण नरम होतो. तो पट्टा हलक्या हाताने, लाकडी मोगरीने चेपून थोडा कडक करून घ्या, नाहीतर भांडं पहिल्यांदा आपटेल तेव्हा पोचा तिथेच पडेल. तडा दोन सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर काठ तेवढा कापून भांडं एक बोट बुटकं करणं सोपं पडतं.